पेटीतल्या बाईचा पत्ता

१

बावन्न चित्रांची एकावन्न झाली ती दुपारी सव्वादोनला, आणि अडीचच्या आत माझ्या सुनेला चोर ठरवून लोक मोकळे झाले.

आधीच सांगते, मी शिकलेली नाही. चौथीत मास्तरांनी विचारलं, "पुढे काय करणार?" मी म्हटलं, "घरी जाणार," आणि गेले ती गेलेच. ह्या लिहिण्यात शुद्धलेखनाच्या चुका ज्याला काढायच्या त्याने खुशाल काढाव्यात. चोर मी काढला.

आमचा कारखाना पत्ते छापायचा. पुढच्या खोलीत चित्रं आणि गिऱ्हाइकं, मधल्या खोलीत छपाईचं यंत्र, मागच्या खोलीत कापणं आणि खोकी चिकटवणं, आणि त्याच्याही मागे रद्दीची कोठी. नवरा गेल्यापासून बावीस वर्षं मीच चालवते. डोळे मिटून पत्त्याच्या कडेवरून बोट फिरवलं तरी सांगते, हा पुढून कापलाय की मागून.

काम आलं होतं जादूगारांच्या मंडळाचं. मंडळाला पंचाहत्तर वर्षं होणार, म्हणून त्यांना खास पत्त्यांचा कॅट हवा होता. एकेका पत्त्यावर एकेक गाजलेला जादूगार. चित्रं माझ्या सुनेची. पाटीएवढ्या पुठ्ठ्यावर शाईची रेघ, वर रंग. किलवरच्या दुर्रीवर कबुतरवाली, चौकटच्या दश्शीवर पाण्याच्या हौदातून कुलपं तोडून निघणारा, बदामच्या गुलामावर स्वतःचंच डोकं काखेत धरून नमस्कार करणारा. नऊ महिने लागले. लोकांना नऊ महिन्यांत एक होतं, हिला बावन्न झाली. आजवर तिने औषधांच्या बाटल्यांची लेबलं काढली. लेबलावर कुणाचं नाव असतं? ह्या कॅटच्या खोक्यावर पहिल्यांदाच तिचं नाव छापलं जाणार होतं.

इस्पिकचा राजा होता प्रोफेसर. सगळे त्याला प्रोफेसर म्हणायचे, शाळेचं तोंड त्याने माझ्याइतकंच पाहिलं होतं. आणि इस्पिकची राणी होते मी.

लग्नाआधी आठ वर्षं मी प्रोफेसरच्या खेळात पेटीतली बाई होते. तो पेटी बंद करायचा, मी आत. तो पेटी उघडायचा, मी नाही. कधी पेटीला मधोमध करवत लावायचा. टाळ्या त्याला, गुडघेदुखी मला. सुनेने एका जुन्या फोटोवरून मला न विचारता ते चित्र काढलं. टिकल्यांचा आखूड झगा, मुडपलेले पाय, आणि पेटीतून बाहेर बघणारी एकोणीस वर्षांची मी. मी म्हटलं, "नाक चुकलंय." मग न्हाणीघरात जाऊन बराच वेळ तोंड धुतलं.

मंडळाच्या अध्यक्षांना ते चित्र झोंबलं. त्यांच्या बाहीत कायम एक रेशमी रुमाल कोंबलेला असतो, म्हणून आम्ही त्यांना रुमालवाले म्हणतो. आदल्या दिवशी चित्र बघून ते म्हणाले, "पेटीतली बाई म्हणजे खेळाचं सामान. सामानाला कुणी राणी करतं का?"

सून म्हणाली, "ही राणी नाही, तर माझी बाकीची एकावन्नही नाहीत."

"ठीक आहे. उद्या पाच वाजता मंडळाची माणसं येतील. बावन्नच्या बावन्न समोर ठेवा. मंजूर झाली तर छापा. नाहीतर काम मोठ्या कारखान्याला जाईल."

आणि आज सव्वादोनला सुनेने खण उघडला, तर इस्पिकची राणी गायब.

रुमालवाले दीड वाजल्यापासून पुढच्या खोलीत येऊन बसलेलेच होते. लगेच म्हणाले, "खणाला कुलूप. किल्ली एकच, ती हिच्या गळ्यात. मंडळ नापास करणार हे कळलं, म्हणून चित्र स्वतःच लपवलं आणि आता आळ आमच्यावर ढकलणार!"

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणजे माझा मुलगा, बेचाळीस वर्षांचा, पोट पुढे आलं तरी घरात बारक्याच. बारक्या यंत्राच्या तेलाने माखलेली बोटं पुसत म्हणाला, "तुझ्याच हातून राहिलं असेल कुठेतरी. जाऊ दे आता. एक साधी राणी काढून दे त्यांना."

सून रडली नाही. तिने गळ्यातली किल्ली काढली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली. "आई, तुम्हालाही असंच वाटत असेल तर मी आत्ता बॅग भरते. चित्रं राहू देत इथेच. नाव नका घालू."

मी किल्ली उचलली आणि परत तिच्या गळ्यात घातली.

"पाचपर्यंत कुणी हलायचं नाही," मी म्हटलं. "पेटीतली बाई हरवलीय ना? मग ती शोधायला पेटीतल्या बाईपेक्षा लायक कोण?"

२

आमचं चित्रांचं कपाट नवऱ्याच्या हातचं आहे, त्यामुळे ते त्याच्यासारखंच आहे. दिसायला भक्कम, वागायला अडेल. चित्रं खालच्या खणात, कुलपात. वरच्या खणात सुतळीचे गुंडे. वरचा खण पूर्ण बाहेर काढला की परत बसवताना जरा उचलून ढकलावा लागतो, नाहीतर बोटभर बाहेर राहतो.

तो बोटभर बाहेर होता.

चित्रांचा गठ्ठा मांडीवर घेतला. जड होता, चांगला दोन विटांएवढा.

"तू कशी लावली होतीस गं?" मी सुनेला विचारलं.

"रंगवारी. आधी सगळे बदाम एक्क्यापासून राजापर्यंत, मग इस्पिक, मग चौकट, मग किलवर."

"मग हे बघ."

वर होती बदामची तिर्री. तिच्याखाली इस्पिकचा गुलाम. मग चौकटची छक्की. मग किलवरची नव्वी.

सुनेचा चेहरा उतरला. "ही तर पिसलीयेत! कुणी पिसली?"

तिसऱ्या चित्राचा कोपरा चेपला होता. आणखी चाळले, तसे आणखी पाच कोपरे चेपलेले निघाले. पाचव्या महिन्यात ज्या कोपऱ्यासाठी तिने तीन दिवस घातले होते, तोही. गठ्ठा कुणाच्या तरी हातून सुटून जमिनीवर पडला होता, आणि त्याने तो गोळा करून परत ठेवला होता.

पण पाडणारा घाईत असणार. घाईतला माणूस चित्रं कोंबून पळतो. ह्याने एकूण एक चित्र सुलटं केलं होतं, डोकं वर, कडा जुळवून. म्हणजे तो खाली बसला, एकेक बघितलं आणि लावलं.

इतका वेळ बसून त्याने नेमकं काय लावलं?

३

एकेकाला माझ्या खुर्चीसमोर बोलावलं.

पहिला कटरवाला. तीस वर्षं आमच्याकडे कापतोय, डाव्या हाताचं एक पेर कटरलाच देऊन बसलाय.

"बाई, खोटं कशाला बोलू? त्या पोरीवर माझा राग आहे. मला सांगते, कडेला केसभर जास्त सोडा. मला! पण रागावलेला कटरवाला चित्र चोरत नसतो. वाकडं कापतो."

"एक ते दोन कुठे होतात?"

"यंत्राला पाठ टेकून डबा खात होतो. पुढच्या खोलीत काय, सगळ्यांचीच ये-जा. ताई खळीचं भांडं घ्यायला गेल्या. बारक्याशेठ दोनदा गेले. कतरणीचं पोतंही आज त्यांनीच कोठीत नेऊन टाकलं, मला म्हणाले, तुम्ही जेवा निवांत. एकच्या सुमाराला सूनबाई अर्धा तास बाहेर गेल्या होत्या, शाई आणायला. मग तो रुमाल आला."

दुसरी ताई, म्हणजे माझी लेक, बारक्याहून तीन वर्षांनी मोठी. सासरच्यांना दोन शब्द सुनावून परत आली, त्याला दहा वर्षं झाली. खोकी चिकटवते, आणि चिकटवताना तोंड बंद ठेवत नाही.

"विचार ना. मला हेवा वाटतो का तिचा? वाटतो. लहानपणी मीही काढायचे चित्रं. तू म्हणालीस, चित्रांनी पोट भरत नाही. मग सून आली आणि तिला तू स्वतः रंगांची डबी आणून दिलीस."

मी गठ्ठ्याच्या कडा नीट करायला घेतल्या.

"पण आई," ती खळीचे हात पदराला पुसत म्हणाली, "ते चित्र तुझं होतं. तुझ्यावर माझा राग आहे. तुझ्या चित्रावर कशाला असेल?"

तिसरे रुमालवाले. खुर्चीवर बसलेच नाहीत.

"बाई, मी पन्नास वर्षं चोरी करतोय. पण लोकांच्या डोळ्यांदेखत, आणि टाळ्या घेऊन परत देतो. मला ती राणी नको होती, हे मी तोंडावर सांगितलं. ज्याने तोंडावर सांगितलंय त्याला चोरायची काय गरज?"

"हा गठ्ठा जरा बघा. तुमच्या पुस्तकांत असतो तसा लावलेला क्रम आहे का?"

त्यांनी गठ्ठा घेतला. एकावन्न पुठ्ठे, जड, कडा गुळगुळीत. त्यांच्या हातात ते पाण्यासारखे एकावरून एक सरकले. एकही इकडचा तिकडे झाला नाही.

"असे सहा-सात क्रम मला तोंडपाठ आहेत. हा त्यातला नाही. नुसता पिसलाय." गठ्ठा परत देताना ते हसले. "आता तुमच्या सुनेला विचारा, बाई. किल्ली गठ्ठ्याला नसते, गळ्याला असते."

शेवटी बारक्या. तो यंत्रापाशीच होता. बाजूला त्याचा डबा उघडा पडलेला. गोडाचा कप्पा चाटूनपुसून साफ, वरच्या कप्प्याला हात नाही. लहानपणापासून ही तऱ्हा. ताटात गोड दिसलं की बाकीचं थंड होऊन जायचं.

"जेवला नाहीस?"

"भूक मेली. आई, सोड ना तो नाद. काम गेलं तर यंत्र बंद ठेवावं लागेल. एका राणीपायी एवढं रामायण?"

"ती राणी मी आहे रे."

"म्हणूनच म्हणतो." त्याने मान वर केली नाही. "घराघरांत जाणार तो कॅट. चौकात, कट्ट्यावर लोक खेळणार. तुझा तो झगा, ते पाय. कोण कशावर आपटेल, काय बोलेल. चालेल तुला?"

"मला चाललं म्हणून तर आठ वर्षं चाललं."

त्याने यंत्र सुरू केलं. कागद नव्हता, शाई नव्हती, तरी सुरू केलं. त्या खडखडाटात बोलणं संपलं.

घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

४

मी गठ्ठा घेऊन रद्दीच्या कोठीत गेले. तिथे कतरणीची पोती आहेत, तुटकी स्टुलं आहेत, आणि एक लांबट लाकडी पेटी आहे, निळा रंग उडालेली. प्रोफेसर म्हातारा झाला तेव्हा म्हणाला होता, पोरी, मी तुला दुसरं काय देणार? नवऱ्याने नाक मुरडलं, पण पेटी ठेवून घेतली. पुढे मुलांनी तिचं घर केलं, आगगाडी केली, होडी केली. आता तिच्यावर पोती पडतात.

मी पेटीवर बसले आणि एकेक चित्र उलटायला लागले. बदामची तिर्री. इस्पिकचा गुलाम. चौकटची छक्की. किलवरची नव्वी.

पुन्हा उलटली. तिसऱ्यांदा उलटली, आणि माझे ओठ आपोआप हलायला लागले.

*तीन बदाम दे गं आई,*
*काळा गुलाम पळून जाई,*
*सहा चौकटी पुसून काढ,*
*नऊ किलवर, वाढलं झाड...*

हे गाणं माझं. प्रोफेसरचा एक खेळ होता. मी पेटीत बंद. बाहेर कुणी प्रेक्षक पत्ता ओढायचा आणि प्रोफेसर पेटीवर बोट वाजवायचा. जितक्या टकटकी, तितकावा पत्ता. मी आतून त्याचं नाव ओरडायची आणि लोक वेडे व्हायचे. त्यासाठी बावन्न पत्ते क्रमाने पाठ हवेत. प्रोफेसरने मला कागदावर क्रम लिहून दिला. आता मला कुठलं धड वाचता येतंय? मी म्हटलं, तुमचा कागद चुलीत घाला. मी गाणं रचते, तुम्ही पत्ते माझ्या गाण्याप्रमाणे लावा.

त्याने लावले. आठ वर्षं.

हे गाणं जगात दोनच माणसांना येत होतं. त्यातला एक मेला. म्हणजे राहिले मी.

खोटं कशाला बोलू? आणखी दोघांना येत होतं. यंत्र बंद झालं की मी माझ्या दोन्ही मुलांना मांडीवर घेऊन, हेच गाणं म्हणून झोपवलं होतं. दोघं लहान असताना पत्ते जमिनीवर पसरून, गात गात लावायची. शर्यत लागायची.

माझं चित्र माझ्याच पोटच्या पोराने चोरलं होतं. ताईने की बारक्याने?

मग आठवलं, मुलं ते गाणं लावताना एका जागी रोज भांडायची. रोज, न चुकता, त्याच जागी. ती जागा पाचव्या पत्त्यावर होती.

मी पाचवं चित्र उलटलं.

मी उठले, पेटीवरची पोती एकेक करून खाली ओढली, आणि पेटीच्या कडेवरून बोट फिरवलं. बाकी सगळीकडे धुळीचा थर होता. एका जागी नव्हता.

मी पेटी उघडली नाही. कटरवाल्याला हाक मारली आणि म्हटलं, "ही पुढच्या खोलीत न्या."

५

पाच वाजता मंडळाचे आणखी दोघे आले. एक टकला, एक दाढीवाला, दोघंही गंभीर. टेबलामागे तिघं बसले. आम्ही घरचे भिंतीला लागून उभे, कोर्टात असतात तसे. सून एकटी दुसऱ्या भिंतीला. मधोमध निळी पेटी.

"हे काय?" टकल्याने विचारलं.

"सामान," मी म्हटलं. "बसा."

मग मी बोलायला लागले, आणि कुणाला मध्ये तोंड घालू दिलं नाही.

"पहिलं. चोराने वरचा खण पुरता बाहेर काढला आणि त्या फटीतून खाली हात घातला. खण अजून बोटभर बाहेर आहे, बघून घ्या. जिच्या गळ्यात किल्ली आहे ती वरचा खण कशाला काढेल? तेव्हा माझ्या सुनेचं नाव ह्यापुढे कुणी घेतलं तर मी त्याचं नाव घेईन."

सुनेने खांदे जरा सैल सोडले.

"दुसरं. चोराच्या हातून गठ्ठा पडला. सहा कोपरे चेपलेत. रुमालवाले, तुमच्यावर माझा संशय होता, आवडीचा संशय होता, पण काय करू? पन्नास वर्षं पत्त्यांवर पोट भरणाऱ्याच्या हातून गठ्ठा पडत नाही. शिवाय ह्या कपाटाची खोड तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. सुटलात तुम्ही."

रुमालवाल्यांनी रुमाल काढला आणि परत ठेवला.

"तिसरं. पत्ते पडल्यावर चोर घाबरला. एखादं कपाटाखाली तर गेलं नाही? सगळी आहेत का, हे बघायला त्याने ती लावून पाहिली. आणि घाबरलेला हात कसा लावतो? लहानपणी शिकला तसा. सूनबाई, इकडे ये. मी पाठ करून उभी राहते. मी म्हणेन तसं एकेक चित्र उलट."

मी भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणायला लागले. बदामची तिर्री. इस्पिकचा गुलाम. चौकटची छक्की. किलवरची नव्वी. प्रत्येकाला मागून तिचा "हो" येत होता. तिचा आवाज बारीक होत गेला, आणि मंडळाच्या खुर्च्या करकरल्या.

"चार चौकटींचं बांधलं घर," मी म्हटलं. "चौकटची चौकी."

मागे चित्र उलटल्याचा आवाज आला.

"नाही आई," सून म्हणाली. "बदामची सत्ती आहे."

आणि भिंतीपाशी माझी लेक, पंचेचाळीस वर्षांची बाई, सवयीने फटकन बोलून गेली, "घरच नाही तर बदाम ठेवशील कशावर, बारक्या?"

बोलली आणि तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले.

मी वळले. "गाण्यात आधी चार चौकटींचं घर आहे, मग त्यावर सात बदाम. ताई एकदाही चुकली नाही. बारक्या एकदाही बरोबर आला नाही. त्याला बदाम आधी हवे असायचे. आजही डब्यातलं गोड आधी संपलंय. सहावं चित्र उलट गं."

"चौकटची चौकी," सून म्हणाली. ती आता गठ्ठ्याकडे बघत नव्हती. नवऱ्याकडे बघत होती.

बारक्याने पळवाट काढली नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगते.

"फाडणार नव्हतो," तो म्हणाला. "हात धजला नाही. मंडळाने काम दिलं असतं, साधी राणी छापली असती, मग ठेवून दिलं असतं परत." त्याचा आवाज फुटला. "तुला माहीत नाही आई. शाळेत मला हाकच ती होती. पेटीतल्या बाईचा. पोरं पाटीवर बाई काढायची आणि मधोमध रेघ मारायची. तुझी आई कमरेवर कुठली, खाली कुठली? मी घरी कधी सांगितलं नाही. आणि आता तेच चित्र आम्ही स्वतः छापायचं? माझ्याच यंत्रावर?"

खरं सांगते, मला माहीत नव्हतं. पण समोर परकी माणसं होती.

"त्या पोरांनी माझे दोन तुकडे केले," मी म्हटलं, "ते पाटीवर. प्रोफेसरने रोज दोनदा केले, आणि मी रोज दोनदा अख्खी बाहेर आले. लाज कुणी बाळगायची? आणि ती लाज झाकायला तू बायकोला चोर ठरू दिलंस. माझं चित्र लपवलंस ते मी सोसेन. हे नाही सोसणार."

बारक्याने तेलाची बोटं पुन्हा पुसायला घेतली.

रुमालवाले मात्र खुर्चीतून पुढे झुकले होते. त्यांचं चोराकडे लक्षच नव्हतं. "बाई, तो टकटकीचा खेळ! त्यावर आम्ही वर्षानुवर्षं डोकं फोडलं. तो क्रम प्रोफेसरांचा नव्हता?"

"प्रोफेसरचा असता तर तुमच्या पुस्तकात नसता का सापडला? क्रम माझा, गाणं माझं, पत्ता ओळखणारी मी. त्याने बोट वाजवलं."

दाढीवाला अडखळत म्हणाला, "तरीपण, म्हणजे, चित्र नसेल तर मंडळ..."

"रुमालवाले, झाकण लावा."

मी चप्पल काढली, पदर खोचला आणि पेटीत पाय टाकला. एकाहत्तर वर्षांचे गुडघे. दोघांनीही मला शिव्या घातल्या, मी त्यांना घातल्या. लेक ओरडली, "आई, कंबर!" रुमालवाल्यांनी जागेवरून उठून झाकण लावलं. आत काय झालं ते मी लिहिणार नाही. प्रोफेसरला शब्द दिलाय, आणि तो मेला तरी शब्द मेला नाही.

बाहेरचं मला ऐकू येत होतं. झाकण उघडलं. टकला म्हणाला, "अरे!" रुमालवाल्यांनी आत हात फिरवला, कोपरे चाचपले. "नाहीत," ते हळूच म्हणाले. "मी पन्नास वर्षं... नाहीत हो." झाकण परत लागलं.

त्या अंधारात माझ्या बोटांना पुठ्ठ्याची कड लागली. पुढून कापलेली. बारक्या पाच वर्षांचा असताना फुटलेल्या बश्या इथेच आणून लपवायचा. जागा बदलायचंही सुचलं नव्हतं त्याला.

मग मी गाण्याची शेवटची ओळ मोठ्याने म्हटली, जी गठ्ठ्यात नव्हती:

*काळी राणी सगळ्यात शेवटी,*
*उघडा पेटी, उघडा पेटी!*

झाकण उघडलं. मी आत बसलेली, हातात इस्पिकची राणी. एक एकोणीस वर्षांची, एक एकाहत्तर. पेटी तीच.

टकल्याने टाळी वाजवली. चुकून वाजवल्यासारखी एकच. मग तिघंही वाजवायला लागले, कटरवालाही, जितकी बोटं शिल्लक होती तितक्यांनी. रुमालवाल्यांनी राणी माझ्या हातून घेतली आणि गठ्ठ्याच्या शेवटी ठेवली.

"बावन्न," ते म्हणाले. "मंजूर." मग खाली वाकून, अगदी हळू आवाजात, "बाई, एवढं सांगा. तुम्ही खालून गेलात की बाजूने?"

"सामानाला विचारत नसतात," मी म्हटलं.

त्यांना वाटलं मी आता बाहेर येईन. मलाही वाटलं होतं. पण गुडघे आत अडकले ते अडकलेच. मी तशीच बसून राहिले, राणीसारखी.

बारक्या पुढे आला. डोळे लाल. त्याने हात पुढे केला. "चल, आई."

त्याचा तो तेलकट हात मी पाहिला, आणि धरला नाही.

"आधी तिच्याकडे जा," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर. मी बसलेय, मला घाई नाही. कधी नव्हे ते आज क्रम बरोबर लाव. आधी घर, मग बदाम."